धुळ्याचा राहिलेला कॉम्प्युटर

मी जळगावच्या एका दवाखान्यात कॉम्प्युटर विभागात काम करते. दवाखान्याच्या शाखा धुळ्याला आणि चाळीसगावला आहेत आणि तिन्हीकडची यंत्रणा जळगावातून चालते. माझा सहकारी पुण्यात नोकरी लागून निघून गेला, त्याची जागा भरलीच नाही, तेव्हापासून विभाग म्हणजे मी एकटीच. असोद्याहून सकाळी स्कूटीवर येते, तळमजल्यावरच्या सर्व्हर रूममध्ये शिरते, आणि बाहेर ऊन किती तापलंय हे मला जेवायला वर आल्यावरच कळतं.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर व्यवस्थापनाने बॅकअपची नवी यंत्रणा घेतली. दुसऱ्या एका संस्थेचा सगळा डेटा व्हायरसने गेल्याचं कानावर आलं होतं, त्यामुळे सगळे घाबरलेले होते. माझं काम तसं सरळ होतं. जळगावच्या सर्व्हरवरून प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये एक लहानसा प्रोग्रॅम बसवायचा. आम्ही त्याला क्लायंट म्हणतो. तो एकदा बसला की त्या कॉम्प्युटरमधल्या फायलींची प्रत रोज आपोआप जळगावला येत राहते. त्यासाठी गावोगाव फिरायची गरज नव्हती. मी इथे यादीतलं नाव निवडायचं, बटण दाबायचं, आणि चाळीसगावच्या एखाद्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये तो प्रोग्रॅम जाऊन बसायचा.

चाळीसगावच्या केसपेपरच्या खिडकीवरच्या ताईंचा लगेच फोन आला होता. "मॅडम, माझ्या स्क्रीनवर काहीतरी उघडलं नि मिटलं. मी हातसुद्धा लावला नव्हता."

"मीच होते, ताई."

"मग सांगून यायचं ना," त्या म्हणाल्या. तेव्हापासून मी आधी फोन करायला लागले.

चाळीसगाव झालं. धुळ्यालाही एकेक करत सगळं झालं, फक्त एक कॉम्प्युटर राहिला. कॅन्सरच्या रुग्णांना जिथे शेक देतात त्या विभागातला. डॉक्टर रेडिएशन म्हणतात, पण आमच्याकडे रुग्ण त्याला शेकच म्हणतात. शेक कुठून द्यायचा, किती द्यायचा, कुठला भाग वाचवायचा, हे प्रत्येक रुग्णासाठी वेगळं आखावं लागतं. त्याला प्लॅन म्हणतात, आणि सगळ्यांचे प्लॅन त्या एका कॉम्प्युटरमध्ये असतात. शेक देणारं मशीन रोज तिथूनच प्लॅन उचलतं.

तिथल्या फिजिसिस्ट मॅडम हे प्लॅन बनवायच्या. माझ्याच वयाच्या, नंदुरबारच्या, हळू आवाजात बोलणाऱ्या. मी त्यांना क्लायंटचं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "माझी ना नाही. पण मशीनच्या कंपनीच्या परवानगीशिवाय यात काही टाकायचं नाही असा नियम आहे. उद्या मशीनने चुकीचा शेक दिला तर कोणी म्हणायला नको की बाहेरचा प्रोग्रॅम टाकला होता." त्यांचं बरोबर होतं. मी कंपनीला मेल केला, पुन्हा केला, फोन केले. आमच्याकडून विचारणा झाली आहे, वरून कळवतो, असं उत्तर येत राहिलं. माझ्या स्क्रीनवर जोडलेली सगळी नावं हिरवी झाली, तेवढं एक करडं राहिलं.

मग एके दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच हळू होता, पण बोलताना मध्ये थांबत होत्या.

"प्लॅन उघडायला खूप वेळ घेतोय. आणि आतून टकटक आवाज येतोय."

"कसा आवाज? पंख्यासारखा?"

त्यांनी फोन कॉम्प्युटरजवळ धरला. मी ऐकलं. कोणीतरी नखाने पत्र्यावर मारावं तसा, थोडा वेळ थांबून पुन्हा. तो आवाज मी आधी ऐकलेला होता. हार्ड डिस्क मरायला लागली की असा आवाज येतो.

"मॅडम, तो बंद करू नका," मी म्हणाले. "काही झालं तरी बंद करू नका. बंद केला तर परत चालू होणार नाही."

कंपनीचा इंजिनिअर इंदूरला होता, तो दुसऱ्या दिवशी पोहोचणार होता. मी त्याला फोनवर सगळं सांगितलं. परवानगीचं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "अब जो करना है करो." त्याने त्या कॉम्प्युटरचा पासवर्डही दिला. इतक्या दिवसांची परवानगी अशी मिळाली.

आमच्या दवाखान्यात शेकाचं काम सकाळीच सुरू होतं. त्या दिवशीचे रुग्ण आलेले होते. साक्री, शिरपूर, दोंडाईचा, कुठून कुठून पहिल्या एसटीने येऊन बाकावर बसलेले. धुळ्याच्या मोठ्या डॉक्टरांनी शेक थांबवायला सांगितला. फिजिसिस्ट मॅडमच्या फोनमधून मला मागे माणसं खोकताना, डबे उघडताना ऐकू येत होती.

आधी मी साधी कॉपी करून पाहिली. जळगावातून तो कॉम्प्युटर उघडला आणि फायली ओढायला लागले. थोड्या आल्या, मग एका फायलीवर सगळं अडकलं ते अडकलंच. मॅडमनी पेनड्राइव्ह लावला तर स्क्रीनच गोठली, आणि ती परत हलायला बराच वेळ लागला. क्लायंटची गोष्ट वेगळी होती. खराब जागा आली तर तो पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, नाहीच जमलं तर ती सोडून पुढे जाता येतं. म्हणून तोच बसवायचा ठरवला.

मी बटण दाबलं. नाकारलं. पासवर्ड पुन्हा घातला. नाकारलं. बाहेरून प्रोग्रॅम आत घेण्याचे त्या कॉम्प्युटरचे दरवाजे कंपनीने बंद करून ठेवलेले होते, ते तिथूनच उघडावे लागणार होते. मी मॅडमना एकेक पायरी सांगत गेले. इथे क्लिक करा, आता डावीकडे, आता खाली या. त्यांचा माउस हलायला इतका वेळ लागायचा की मध्ये मला वाटायचं फोनच कटला.

"आहात ना?"

"आहे," त्या म्हणायच्या. "फिरतंय अजून."

तेवढ्यात धुळ्याची इंटरनेटची लाइन गेली. हायवेच्या कामात पारोळ्याच्या आसपास कुठेतरी केबल तुटायची, त्या महिन्यात हे नेहमीचंच झालं होतं. मी सर्व्हरसमोर उभी होते आणि माझ्यासमोर धुळ्याची सगळी नावं एकदम करडी झाली. मी कोणाकोणाला फोन केले ते आता आठवत नाही. एवढं आठवतं की मी भिंतीला टेकून खाली बसले. आत्ता निघाले तरी धुळ्याला पोहोचायला दुपार होईल, आणि निघाले आणि वाटेत असताना लाइन आली तर? मी निघाले नाही. दुसऱ्या कंपनीची लाइन होती, हळू चालणारी, ती जोडायला लावली. नावं पुन्हा हिरवी झाली.

या वेळी प्रोग्रॅम गेला. बसला. आणि स्क्रीनवर ओळ आली: कॉम्प्युटर पुन्हा सुरू करा.

मॅडमनाही तिकडे तेच दिसत होतं. "काय करू?"

"नंतर, असं बटण असेल बघा. ते दाबा. दुसरं दाबू नका."

"नंतर दाबलं," त्या म्हणाल्या. मला त्यांचा श्वास ऐकू आला.

कॉम्प्युटर पुन्हा सुरू न करताही क्लायंट चालत होता, तेवढं नशीब. फायली यायला लागल्या. पहिली, दुसरी, मग भराभर. माझ्या जिवात जीव आला. मी मॅडमना फोल्डरचे नंबर वाचून दाखवायला लागले, तेव्हा त्यांनी मला थांबवलं.

"हे जुने आहेत," त्या म्हणाल्या. "हे सगळे पहिल्या वर्षीचे पेशंट आहेत. यांचं कधीच संपलं. यातले बरेचसे..."

प्रोग्रॅमला काय कळणार? तो सगळ्यात जुन्यापासून सुरुवात करून क्रमाने घेत होता. जे गेले त्यांचे प्लॅन आधी येत होते, आणि जे दाराबाहेर बाकावर बसले होते त्यांचे सगळ्यात शेवटी. तोवर डिस्क टिकणार नव्हती. मी ते थांबवलं.

"मॅडम, मला आत्ता शेक चालू असलेल्यांचे नंबर हवेत. आणि कोणाचा आधी, ते तुम्ही सांगा."

"मी कसं सांगू?"

"मला तर काहीच माहीत नाही. तुम्हालाच सांगावं लागेल."

त्या मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या. तोंडाचे आणि घशाचे आधी, असं ठरलं, कारण त्यांच्या शेकात खंड पडला तर गाठ पुन्हा जोर धरते. आमच्या भागात तेच रुग्ण जास्त, तंबाखूमुळे. त्यानंतर ज्यांचा अर्धा शेक झालाय ते. नुकतेच सुरू झालेले शेवटी. मॅडम रुग्णांच्या कागदी फायलींवरून नंबर वाचायच्या, मी टाइप करायची, प्लॅन यायचा, मी "आला" म्हणायची. मग पुढचा. असे बरेच आले. प्रत्येक "आला" नंतर त्या कोणाला तरी खुणेने सांगत असाव्यात, कारण मागून एक बाई "झालं का, झालं का" असं विचारताना ऐकू यायची.

मग एका नंबरवर अडकलं. क्लायंट त्या जागेवर जायचा, टकटक आवाज वाढायचा, तो मागे यायचा, पुन्हा जायचा. साक्रीकडच्या एका खेड्यातले म्हातारे गृहस्थ होते, घशाचा कॅन्सर, अर्ध्याच्या पुढे शेक झालेला. माझ्या स्क्रीनवर दोन बटणं होती. पुन्हा प्रयत्न करा, आणि वगळा.

मी पुन्हा प्रयत्न केला. अजून एकदा केला. प्रत्येक वेळी डिस्कवर जोर पडत होता, आणि मागे अजून माणसं बाकी होती.

"मॅडम, हा येत नाहीये."

"आबा बाहेरच बसलेत," त्या म्हणाल्या. "एकदा आणखी बघा ना."

मी आणखी एकदा पाहिलं. आवाज इतका मोठा झाला की तो मला फोनमधूनही ऐकू आला.

"मॅडम, याच्यापायी बाकीचे जातील."

मग त्या म्हणाल्या, "वगळा."

मी वगळा दाबलं. शेवटी परत येऊन आबांचा बघू, असं मी म्हणाले आणि तसं माझ्या मनातही होतं. पुढचे येत गेले. नुकतेच सुरू झालेले दोघं राहिले असताना माझ्या स्क्रीनवर त्या कॉम्प्युटरचं नाव करडं झालं. मला वाटलं लाइन गेली. पण धुळ्याची बाकीची नावं हिरवीच होती.

"आवाज थांबलाय," मॅडम म्हणाल्या. "स्क्रीन काळी झालीय."

मी फोन ठेवला आणि सर्व्हर रूमचं दार आतून लावून घेतलं. रडायला नाही. मला कोणी काही विचारू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीने धुळ्याला गेले. इंदूरचा इंजिनिअर नवा कॉम्प्युटर घेऊन आला होता. जुनी डिस्क त्याने लावून पाहिली, ती फिरतच नव्हती. वाचलेले प्लॅन मी जळगावच्या सर्व्हरवरून नव्यात आणले, फिजिसिस्ट मॅडमनी एकेक उघडून तपासला, मोठ्या डॉक्टरांनी पाहिला आणि मशीन सुरू झालं. एकेक नाव पुकारलं जाऊ लागलं. आत जाऊन आलेला एक जण माझ्याकडे बघून हसला. त्याला मी कोण हे माहीत नव्हतं.

बाकाच्या टोकाला आबा बसलेले होते. पांढरा सदरा, गळ्याभोवती मऊ सुती पंचा, शेकाने गळ्याची कातडी काळी पडलेली. शेजारी त्यांची बायको. सगळे त्यांना अक्का म्हणत होते. मला कोणीही सांगितलं नव्हतं की तू त्यांच्याशी बोल. पण मॅडमना आबांची अहिराणी बोलता येत असली तरी त्या दिवशी त्यांच्या तोंडून शब्दच फुटत नव्हता. माझी घरची बोली असोद्याची, वेगळी, पण आईचं माहेर पारोळ्याकडचं, म्हणून मला अहिराणी येते. मी त्यांच्यासमोर जाऊन बसले.

"आबा, तुमचा प्लॅन मशीनमधून गेला. तो परत बनवावा लागेल."

त्यांच्या घशातून आवाज कष्टाने यायचा. "मंग मन्हा शेक वाया गया का?"

"वाया नही गया, आबा. जेवढा दिला तेवढा दिलाच. तो कागदावर लिहिलेला शे. पुढचा कसा द्यायचा ते फक्त परत मोजावं लागेल."

"परत तो जाळीना मुखवटा?"

चेहऱ्यावर गरम जाळी दाबून साचा करतात, डोकं हलू नये म्हणून. पहिल्या वेळी त्यांचा जीव घाबरला होता, अक्कांनी सांगितलं. आता शेकामुळे ते वाळले होते, जुना साचा सैल झाला होता. नवा करावा लागणार होता, नवं स्कॅनिंग, मग प्लॅन, आणि तोवर शेक बंद.

"बठ्ठा परत," आबा म्हणाले, म्हणजे सगळंच पुन्हा. विचारल्यासारखं नाही.

साचा त्यांनी करू दिला. स्कॅनिंगही झालं. प्लॅन तयार होईपर्यंत घरी जा, फोन करतो, असं सांगून त्यांना पाठवलं. फिजिसिस्ट मॅडम दोन माणसांचं काम करत होत्या, जेवायलासुद्धा उठत नव्हत्या. नुकतेच सुरू झालेले ते दोघं आले, त्यांचं पुन्हा सुरू झालं. आबांचा प्लॅनही तयार झाला. पण आबा आले नाहीत.

फोन केला तर अक्कांनी उचलला. "त्यास्नी खावानं सोडी दिधं," त्या म्हणाल्या. "माले आते दम नही, असंच म्हनतस."

मी म्हणाले, "त्यांना फोन द्या."

फोन त्यांच्या हातात गेला हे मला श्वासावरून कळलं. मी बोलत राहिले. घशाचा शेक अर्धवट ठेवला तर काय होतं ते मोठ्या डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, ते मी जमेल तसं सांगितलं. त्यांनी फोन अक्कांना परत दिला. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा केला. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा. हे माझं काम नव्हतं. दवाखान्यात त्यासाठी वेगळी माणसं होती, त्यांनीही केले असतील. पण सकाळी सर्व्हर रूममध्ये शिरल्यावर मला दुसरं काही सुरूच करता येत नव्हतं. फोन लागला नाही की दिवसभर हाताला काम सुधरत नसे. एकदा रेंज नसल्यामुळे दोन दिवस लागलाच नाही, आणि मला खात्रीच झाली की आबा गेले. घरी भाकरी थापताना माझा हात तव्यावर टेकला आणि मला तो लगेच कळलाही नाही. आई म्हणाली, "कुठे लक्ष आहे तुझं?"

मग फिजिसिस्ट मॅडम स्वतः गेल्या. रविवार होता, सुट्टीचा दिवस. साक्रीपर्यंत एसटी आणि पुढे रिक्षा करून गेल्या. तिथे काय बोलणं झालं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. सोमवारी सकाळी त्यांचा मेसेज आला: आबा आले.

शेक पुरा झाला. मधल्या खंडाचा हिशेब धरून मोठ्या डॉक्टरांनी थोडा वाढवला. शेवटच्या दिवशी मी धुळ्याला नव्हते. पावसाळ्यात अक्कांनी सांगितलं की ते आता वरण-भात खातात, कपाशीच्या वावरात चक्कर मारून येतात. त्या दिवशी मी कॅन्टीनमध्ये बसून नीट जेवले.

थंडीत गाठ परत आली. मानेच्या दुसऱ्या बाजूला. मोठ्या डॉक्टरांनी पाहिलं आणि औषधांवर ठेवलं.

त्यानंतर एका बैठकीसाठी डॉक्टर जळगावला आले होते. मी त्यांना जिन्यात गाठलं. "सर, मध्ये खंड पडला म्हणून झालं का हे?"

त्यांनी खोटं सांगितलं नाही. "सांगता येत नाही," ते म्हणाले. "खंड नसता तरी येऊ शकली असती. कदाचित आली नसती."

मी तेच पुन्हा जरा वेगळ्या शब्दांत विचारलं. त्यांनी तेच उत्तर दिलं, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून वर गेले. वर त्यांची वाट बघत होते.

फिजिसिस्ट मॅडमना मी हे सांगितलं नाही. त्यांनीही डॉक्टरांना विचारलं असणार. आम्ही आता कामापुरतं बोलतो. नव्या कॉम्प्युटरवर क्लायंट आहे, प्लॅन रोज जळगावला येतात. अधूनमधून मी एखादा प्लॅन सर्व्हरवरून उघडून बघते, आणि त्या तिकडून ताडून "बरोबर आहे" एवढंच म्हणतात.

आबा गेल्याचं अक्कांनी स्वतः कळवलं. दुपार होती. मी सर्व्हर रूममध्ये होते, त्यांचा नंबर बघूनच उभी राहिले. त्यांनी शांतपणे सांगितलं, सकाळी गेले, मुलं आलीत, आता सगळं उरकलं. मला त्यांची क्षमा मागायची होती, पण कशाची ते मला नेमकं म्हणता येईना. आमच्या बोलण्यात वगळा या बटणाचा विषय कधी निघाला नव्हता, आणि त्या दिवशी तो काढायचा नव्हता. मी नुसती "अक्का, अक्का" म्हणत राहिले.

त्यांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तू जेवनी का?"

मी हो म्हणाले. जेवले नव्हते.